चिमूट धरवत नाही, रांगोळी कशी काढू? (आमवात आणि छंद)

रेवा_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय 47. चार वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, म्हणजे आपला आमवात. आधी सकाळी बोटं आखडायची, टूथपेस्टची ट्यूब दाबवायची नाही, मला वाटलं कामाने होतंय आणि तसंच एक वर्ष काढलं. मग अँटी-सीसीपी ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि औषधं सुरू झाली. आता मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा चालू आहे, सूज पुष्कळ उतरलीये, ऑफिस होतं, पोळ्या सोडून बाकी स्वयंपाक होतो. म्हणजे तसं बरं चाललंय. प्रश्न रांगोळीचा आहे.

माझी आई रोज दारात रांगोळी काढायची आणि तिच्याकडे ठिपक्यांचा एक कागद होता, जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाला उदबत्तीने एकेक भोक पाडलेलं, 15 ते 8 चं, म्हणजे मधल्या ओळीत 15 आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत 8 पर्यंत. भोकांच्या कडा अजून तपकिरी आहेत आणि नाकाजवळ नेला की उदबत्तीचा वास येतो असं मला तरी वाटतं. तो कागद माझ्याकडे आहे. सातवीत असल्यापासून मी काढतेय. इथे आमच्याकडे डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा 1999 पासून निघते, त्यात फडके रोडवर आम्ही मैत्रिणी मिळून मोठ्या रांगोळ्या काढायचो, पहाटे चारला कमरेत वाकून सुरुवात.

गेली दोन वर्षं जवळजवळ सगळं बंद. चिमटीत रांगोळी धरली की अंगठ्याच्या बुंध्याशी कळ येते, पाच-सहा रेघा झाल्या की बोटं उघडतच नाहीत, आणि रेघ थरथरते. खाली उकिडवं बसणं तर विसराच, गुडघे उठू देत नाहीत. एका डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले रांगोळीबिंगोळी सोडा आता, हात कामापुरते वाचवा. वहिनीने प्रेमाने रांगोळीचे स्टिकर आणून दिले, तिला बरं वाटावं म्हणून लावले पण दारातून येता-जाता बघवत नाही मला ते. या वर्षी चैत्रांगणसुद्धा काढलं नाही, लग्नानंतर पहिल्यांदाच.

दिवाळी तीन आठवड्यांवर आलीये. कुणी असं हात दुखत असताना रांगोळी किंवा दुसरं हाताचं काम चालू ठेवलंय का? कसं? की सोडून द्यावं आणि दुसरं काहीतरी शोधावं? दोन्ही बाजूंनी सांगा, मनापासून विचारतेय.

---

कोल्हापूरची_मीरा

रेवाताई, मलाही आरए (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, नऊ वर्षं झाली. तुमचं ते ट्यूबचं वाचलं आणि एकदम आतून ओळख पटली. माझं विणकाम होतं, दोन सुयांचं, स्वेटर-टोपडी असं, तेही असंच एक दिवस थांबलं.

मला जे कळायला खूप वेळ लागला ते आधी सांगते. मी सकाळी विणायला बसायचे कारण आयुष्यभर सकाळीच बसत आले होते, आणि आपल्या आजारात सकाळ हीच सगळ्यात वाईट वेळ. तास-दीड तास बोटं लाकडासारखी. आता दुपारी चारनंतर बसते, आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, पाण्यातच मुठी उघडायच्या-मिटायच्या. नुसत्या वेळेच्या बदलाने निम्मा फरक पडला, खरंच सांगते. तुम्ही पहाटे चारला फडके रोडवर म्हणताय ना, ते आता नाही जमणार, पण दिवाळीची रांगोळी आदल्या संध्याकाळी काढून ठेवली तर लक्ष्मी काही परत जाणार नाही.

दुसरं म्हणजे तुमच्या आईचा कागद! अहो तो तर तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. त्याला चिमूट कुठे लागते? कागद पसरायचा, वर रांगोळी टाकायची आणि तळहाताने फिरवायची, उचलला की 169 ठिपके तयार. निम्मं काम तळहाताने होतंय. रेघांचं काय करायचं ते मला माहीत नाही, जाणकार सांगतील.

आणि सोडू नका हो. मी दीड वर्ष विणकाम सोडलं होतं, हात काही त्याने बरे झाले नाहीत, मी मात्र चिडचिडी झाले.

---

हस्तकौशल्य_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं कशी करता येतील ते शिकवणारी, पुण्यात, हातांचे पेशंट जास्त बघते. रेवाताई, तपासल्याशिवाय सगळं सांगता येणार नाही, पण तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की थोडं सविस्तर लिहिते.

अंगठ्याच्या बुंध्याशी कळ येते ती चिमटीमुळेच. बोटांच्या टोकाशी आपण जेवढा जोर लावतो त्याच्या दहा-बारा पट भार अंगठ्याच्या बुंध्यातल्या सांध्यावर येतो. म्हणजे चिमटीत 1 किलोचा जोर असेल तर तिथे 10-12 किलो. रांगोळीची चिमूट दिसायला हलकी, पण तुम्ही ती सोडत-धरत अर्धा तास चालवता. म्हणून हात वाचवायचे म्हणजे रांगोळी सोडायची असं नाही, चिमूट सोडायची. तुमच्या डॉक्टरांचा हेतू चांगला असेल पण "बंद करा" हे आमच्या शास्त्रातलं पहिलं उत्तर नाही, ते शेवटचं.

काय करता येईल ते सांगते. बाजारात रांगोळी पेन मिळतं, टोकाला बारीक भोक असलेली नळी. ते बारीक असतं म्हणून परत चिमटीतच धरावं लागतं, तर त्यावर एसीच्या पाइपवर असतो ना तो काळा फोम, हार्डवेअरवाल्याकडे फुटावर मिळतो, त्याचा तुकडा चढवा. जाड झालं की अख्ख्या मुठीत बसतं आणि जोर बोटांवरून मनगट-कोपर-खांद्याकडे जातो. रेघ ओढताना बोटं हलवायचीच नाहीत, हात खांद्यातून हलवायचा. पहिले आठ दिवस विचित्र वाटेल. दाबून पूड सोडायच्या बाटल्या आणि मेंदीसारखे कोन मात्र घेऊ नका, त्यात दाबणं आलंच, तुमच्यासाठी ते चिमटीपेक्षा वाईट.

नळीतून सारखी पडायला रांगोळी कोरडी हवी. उन्हात दोन तास ठेवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा (चाळणी धरायला घरात कुणालातरी बसवा, ते गरागरा हलवणं तुम्ही करू नका). दमट रांगोळी अडकते, मग आपण नळी आपटतो आणि तिथेच मनगट दुखावतं.

जमिनीवर बसायचं नाही. टेबलावर पाट किंवा प्लाय ठेवून काढा, खुर्चीत पाठ टेकून, कोपर टेबलावर टेकेल अशी उंची. थरथर निम्मी तिथेच जाईल, कारण थरथरतो तो अधांतरी असलेला हात.

वीस मिनिटं काम आणि मग हात मोकळे, दुखत असोत नसोत. दुखल्यावर थांबायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. आणि एक साधा हिशोब ठेवा, काम संपल्यावर जादाचं दुखणं दोन तासांनंतरही उरत असेल तर पुढच्या वेळी कमी करायचं, दोन तासांच्या आत शमत असेल तर तेवढं हाताला झेपतंय. ज्या दिवशी सांधा गरम, लाल, सुजलेला आहे त्या दिवशी मात्र अजिबात नाही, त्या दिवशी नुसतं वहीत डोळ्यांनी डिझाइन बघा. जमलं तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात अंगठ्याचा स्प्लिंट (आधाराची पट्टी) मोजून करून घ्या, तयार मिळतात ते बहुतेक वेळा नीट बसत नाहीत.

---

सह्यवेडा_सातारा

मी जरा वेगळं लिहितोय, रागावू नका.

मी ट्रेकर होतो. 22 व्या वर्षापासून दर रविवार डोंगरात, 200 च्या आसपास किल्ले झाले होते. 38 व्या वर्षी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस कळला, पाठीचे मणके आणि खुबे धरतात त्यात. औषधांनी दुखणं आटोक्यात आलं पण खुब्यांची बरीच झीज आधीच होऊन गेली होती. सुरुवातीला मीही तेच केलं, कमी करून चालू ठेवायचं. जिथे गाडी वर जाते ते सिंहगड, पन्हाळा झाले. रायगडला रोपवेने गेलो. रोपवे फार चांगला आहे, माझी आई त्यामुळेच आयुष्यात पहिल्यांदा महाराजांच्या समाधीपाशी पोचली, तिच्या डोळ्यांतलं पाणी मी विसरणार नाही. पण मला स्वतःला पाळण्यातून खाली पायऱ्या दिसत होत्या, त्या पायऱ्यांनी मी अकरा वेळा चढलो होतो, आणि परतताना मी घरी पोचेपर्यंत कुणाशी बोललो नाही. मित्र म्हणायचे अरे वर आलास ना, झालं की. नव्हतं झालं. मला गडावर असणं हवं नव्हतं, मला चढणं हवं होतं.

म्हणून मी सोडलं. पूर्ण. सहा महिने वाईट गेले आणि मग शेजारच्या काकांनी दुर्बीण दिली, 8 बाय 42 ची. आता पक्षी बघतो. आमच्या घरामागे उंबर आहे, त्यावर तांबट येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचं टुक टुक टुक सुरू झालं की तासभर थांबत नाही. मान वर करून बघता येत नाही मला, म्हणून गच्चीत खुर्ची टाकतो, तिथून झाड डोळ्यांच्या रेषेत येतं. भिगवणला उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातो, नावाडी गुडघाभर पाण्यातून धरून होडीत बसवतात, एकदा बसलं की दोन तास काही उठायचं नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात निरीक्षण मनोऱ्यांच्या पायऱ्या माझ्याच्याने होत नाहीत, पण खालूनही पुष्कळ दिसतं. गाडीच्या काचेवर तांदळाची छोटी पिशवी टाकून त्यावर दुर्बीण टेकवतो, हात भरून येत नाहीत. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप आहे, ज्यांना फार हलता येत नाही त्यांनी तर जरूर घ्या. आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना असते, 15 मिनिटं एका जागी बसून मोजले तरी तुमची यादी धरतात. एका जागी बसून मोजलेलं धरतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

तर रेवाताई, माझं म्हणणं एवढंच की तुम्हाला रांगोळीत नक्की काय हवंय ते आधी बघा. दारात सुंदर काहीतरी असणं हवं असेल तर शंभर उपाय आहेत. पण हाताखालून ती रेघ उमटणं, तेच हवं असेल आणि ते पूर्वीसारखं होणारच नसेल, तर कमी-कमी करत रोज दुःख करण्यापेक्षा एकदाच सोडणं मला तरी सोपं गेलं.

---

रेवा_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचून काढलं. सह्यवेडादादा, तुमचा प्रतिसाद वाचून आधी वाईट वाटलं आणि मग विचार करत बसले. मला काय हवंय? दारात असणं नाही, ते असतं तर स्टिकरने भागलं असतं. पूर्वीसारखं हवंय का, तर तेही नाही वाटत. आई शेवटच्या दिवसांत काढायची ती रांगोळी चांगली नसायची, मोतीबिंदू होता, ठिपके सोडून रेघ जायची, आणि तरी ती काढताना जी शांत दिसायची ना... मला ते हवंय बहुतेक. ते अर्धा तास कुणी हाक न मारणं. चढणं हवं होतं असं तुम्ही म्हणालात तसं.

ओटीताई, फोम आजच आणते. एक शंका, प्लाय टेबलावर ठेवला तरी पलीकडची बाजू काढायला ओणवं व्हावं लागतं, खांदा पण थोडा धरलाय माझा. तिथे काय करायचं?

---

निवृत्त_चित्रकला_मास्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो ताई. आपण पलीकडे जायचं नाही, पलीकडची बाजू आपल्याकडे आणायची. केकवर आयसिंग करतात ते फिरतं टेबल मिळतं, बेकरीच्या सामानाच्या दुकानात. त्यावर प्लाय ठेवायचा आणि डाव्या तळहाताने हळू फिरवायचा. ठिपक्यांची असो वा गोल, नेहमी आपल्या समोरचाच भाग काढायचा.

यात मोठ्या लोकांची संगत आहे तुम्हाला. रेन्वार नावाचे फ्रेंच चित्रकार, त्यांना हाच आजार होता, तुमचाच, ऱ्हुमॅटॉइड. आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं. बोटं पार वाकडी झालेली, नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून हाताला पट्ट्या गुंडाळायचे आणि ब्रश दुसऱ्या कुणीतरी हातात अडकवून द्यायचा. खांदा उचलत नव्हता तर मोठा कॅनव्हास रुळांवर गुंडाळून वरखाली सरकवायची सोय केली, म्हणजे जो भाग रंगवायचा तो हातापुढे यायचा. 1919 मध्ये गेले, अगदी शेवटपर्यंत रंगवत होते. चौतीस वर्षं शाळेत शिकवताना मी मुलांना त्यांची चित्रं दाखवली पण त्या पट्ट्या बांधलेल्या हातांचा फोटो कधी दाखवला नाही, आज वाटतं दाखवायला हवा होता.

प्लाय कसा घ्यावा तेही सांगतो. 2 फूट बाय 2 फूट, 6 मिलिमीटर जाडीचा, त्याहून मोठा नको. वजन दीड किलोच्या आत राहतं, घरातलं कुणीही आडवा धरून दारात नेऊन ठेवील. प्लायला लावायचा गेरू नुसत्या पाण्यात कालवू नका, हाताला पुसून येतो आणि रांगोळीत मिसळतो, थोडा फेव्हिकॉल घाला, दोन हात द्या, आणि पूर्ण सुकल्यावरच काढायला घ्या. पृष्ठभाग किंचित खरखरीत राहिला पाहिजे, गुळगुळीत ऑइल पेंटवर रांगोळी घसरते.

थरथरत्या रेघेबद्दल. मुक्तहस्त काढत असाल तर सरळ रेघेच्या मागे लागू नका, सर्परेषा घ्या. वळणाच्या रेघेत हाताचं कंपन जिरून जातं, सरळीत उठून दिसतं. गोपद्म, शंख, कमळ, वेल हे सगळं वळणाचंच आहे. चैत्रांगणातली निम्मी चिन्हं तशीच आहेत, कासव काय, गौरीचा पाळणा काय, नाग काय. पुढच्या चैत्रात एका दिवशी सगळं नाही, रोज दोन-दोन चिन्हं काढा, गौर महिनाभर असतेच.

---

कोल्हापूरची_मीरा

मास्तर, सर्परेषेचं वाचून मला माझ्या विणकामाला उत्तर मिळालं! मी सारखी सरळ सुया धरून बसलेय, गोल सुया घेतल्या तर विणीचं सगळं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही असं मला एकीने सांगितलं होतं, उगाच टाळत होते. उद्याच आणते. आणि सह्यवेडादादा, उंबरावरच्या तांबटाचं फार छान लिहिलंय, वेगळा धागा काढा ना पक्ष्यांचा.

---

सह्यवेडा_सातारा

काढतो नक्की. रेवाताई, तुमचा प्रतिसाद वाचला. तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला माहीत आहे, मग माझा सल्ला तुमच्यासाठी नव्हता, काढाच तुम्ही रांगोळी. फोटो टाका.

---

रेवा_डोंबिवली

उशिराने लिहितेय, दिवाळी झाली, पाहुणे गेले.

वसुबारसेला पहिल्यांदा बसले आणि फसलं. फोम चढवून पेन मुठीत धरलं तर रांगोळी भसाभस पडायला लागली, सगळीकडे जाड रेघा. मुलीने टोकाला सेलोटेप लावून सुईने लहान भोक पाडून दिलं, मग बरं झालं. दुसऱ्या दिवशी अंगठा दुखला पण ओटीताईंनी सांगितलेला दोन तासांचा हिशोब लावला, दीड तासात शमलं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी साडेपाचला कोमट पाण्यातून हात काढून बसले. आईचा कागद 2 फुटी प्लायवर बरोब्बर बसला. वरून रांगोळी टाकून तळहात फिरवला, मुलीने एका बाजूने आणि मी एका बाजूने कागद सरळ वर उचलला आणि गेरूवर सगळे ठिपके, एकही कमी नाही. मग वीस मिनिटं काढायचं, थांबायचं, परत वीस मिनिटं. समोरचं कमळ झालं की प्लाय फिरवायचा. तीन बैठका लागल्या. पूर्वी हीच रांगोळी मी पाऊण तासात काढायचे.

रेघ पूर्वीसारखी नाहीये. एका पाकळीत जाड-बारीक झालीये आणि एक ठिपका मोकळाच राहिला, तो मी तसाच ठेवला. नवऱ्याने प्लाय उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला, वहिनी आली तेव्हा वाकून बघत बराच वेळ उभी राहिली, म्हणाली हे तू केलंस? आणि मग मला विचारलं की आत्याचा (म्हणजे माझ्या आईचा) तो कागद अजून आहे का, मला एक करून देशील का.

तर आता उदबत्तीने भोकं पाडायचं काम काढलंय. उदबत्ती धरायला जोर लागत नाही अजिबात. रोज एक ओळ करते, आज मधली 15 ची झाली.

सह्यवेडादादा, फोटो टाकतेय खाली. मास्तर, पाकळ्या बघून सांगा वळणं कुठे चुकलीयेत.